तिसरा टॅपेट

वडकीच्या नाक्यापुढे, दिवे घाटाच्या पायथ्याला
नेवशांची पत्र्याची शेड आहे.
दर रविवारी साडेआठला आम्ही पाच-सहा जण जमतो
आणि एका एंजिनाभोवती बसतो.

लॉरी नाही. नुसतं एंजिन.
रेल्वेच्या जुन्या स्लीपरांवर बोल्ट मारून उभं केलेलं,
सहा सिलिंडरचं पर्किन्स.
बाकीची फार्गो कुठं गेली ते मला विचारा,
मीच तिला भंगारात लिहिली.

आरटीओत एकतीस वर्षं काढली.
तिच्या पुस्तकात 'इंधन' या रकान्यापुढे
कुणीतरी टाकानं 'पेट्रोल' लिहिलेलं,
चौऱ्याहत्तर साली मी ते खोडलं,
वर लाल शाईनं 'डिझेल'. बाजूला माझी सही.
मालक काउंटरवर कोपर टेकून म्हणाला,
"सून नवी आलीय साहेब, घर तेच आहे."
सतरा वर्षांनी त्याच पुस्तकावर
मी आडवा शिक्का मारला. तेव्हा मालक आला नव्हता,
त्याचा मुलगा आला होता, घाईत.

एंजिन मात्र विहिरीवर गेलं, पाणी उपसत राहिलं,
मग तेही थांबलं, बाभळीखाली कोंबड्या बसू लागल्या त्यावर.
तिथून नेवशांनी उचलून आणलं, वजनाच्या भावानं.

कुमुदताई ओतारींनी फुटका मॅनिफोल्ड
वाळूच्या साच्यात पुन्हा ओतून दिला,
वर स्वतःचं नाव नको म्हणाल्या, तारीख घातली फक्त.
इलाही तांबोळी नाना पेठेतून पंप घेऊन आले,
मांडीवर, रिक्षात,
झोपलेलं मूल आणावं तसा.

आणि चिन्मय, वय तेवीस.
ही लॉरी त्यानं कधी पाहिलेली नाही
पण आवाज ऐकून गिअर ओळखतो म्हणतो.
"काय दिवस असतील ते," तो म्हणाला,
"घाटात दुसऱ्या गिअरवरचा तो घोगरा सूर…"

भिकोबा झेंडे तंबाखू मळत होते.
चाळीस वर्षं स्टिअरिंगवर, आता दोन्ही कान गेलेले,
पण ओठ बरोबर वाचतात.
म्हणाले, "सूर तुला. मला पाठ.
एंजिन मांडीला लागून असायचं, पोटऱ्या भाजायच्या,
उन्हाळ्यात ओलं पोतं गुंडाळून बसायचो.
अंजिराच्या पाट्या भरून रात्री घाट उतरायचा,
ब्रेक तापले की क्लीनर दगड घेऊन मागं पळायचा.
एकदा पळाला, आणि दगड एकटाच सापडला."

कुणी काही बोललं नाही.
तांबोळींनी उगाच एक नट पुसला.
चिन्मयनं फोन खिशात टाकला.

मग नेवशांनी हीटर दाबून धरला,
वीस मोजले, स्टार्टर दिला.
खोकलं. पुन्हा खोकलं.
काळ्या धुराचा एक लोंढा पत्र्याला धडकला
आणि पहिल्यांदा दोन, मग चार, मग सगळी सहा
आपापल्या जागी बोलू लागली.
रॉकेलच्या डब्यातलं पाणी थरथरलं.
शेजारच्या सोसायटीत एक खिडकी धाडकन बंद झाली.

भिकोबा उठले.
स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवून
मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
कान गेले तरी हाडं ऐकत होती.
बराच वेळ.
"तिसरा," ते म्हणाले. "सैल आहे. दहा थाऊ घाला."

एंजिन बंद करून, निवल्यावर फीलर घातला,
तिसराच होता.
त्यांनी चहा मागितला, साखर जास्त.

बाहेर घाटाकडे एक नवा बारा चाकी चढत होता,
काचा बंद, आत गाणी.
भिकोबा त्याच्याकडे बघत राहिले.
"गार हवा असते म्हणे आत," ते म्हणाले.
"बरं झालं."

चिन्मयनं हळूच मला विचारलं,
काका, हिचा नंबर काय होता?
सगळे वळले. तांबोळींच्या हातातला कपसुद्धा थांबला.
तीन अक्षरं, चार आकडे,
मी न अडखळता सांगितले.
आणि त्यांच्यामागून, कुणी विचारलं नसताना,
शिक्क्याची तारीखही.